सावळीरामचा नववा रकाना

१९७० साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझी प्रॅक्टिकलची जोडीदारीण दिवाळीच्या सुट्टीत लग्न करून जी गेली ती परत आलीच नाही. सरांनी मग मला सावळीराम गांगुर्डेच्या टेबलाशी उभं केलं. मुलामुलीची जोडी म्हणून मागच्या बाकांवर आठवडाभर खोकल्याची साथ पसरली. सावळीरामला त्याचं काही नव्हतं. तो नाशिकरोडहून सायकलवर यायचा, घाम पुसायचा आणि पहिलं वाक्य बोलायचा, "विधातेबाई, ब्युरेट धुतली का?"

मी पिंपळगाव बसवंतची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. मला काम उरकायची घाई. द्रावण टाकायचं, रंग बदलला की आकडा लिहायचा. पुस्तकात तीन वेळा करा असं दिलेलं असे. सगळा वर्ग एकदा करी आणि उरलेले दोन आकडे मनानं घाली. सावळीराम तिन्ही वेळा करायचा. एकदा तिसऱ्या वेळी आकडा भलताच आला आणि घंटा झाली.

"अरे, मागचाच लिही ना," मी म्हटलं.

"आला नाही तर कसा लिहू?"

"सर मार्क कापतील."

"कापू देत. त्यांना कापायला येतं, मला लिहायला येतं."

मार्क कापले गेले, माझेसुद्धा. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं माझी ब्युरेट धुऊन ठेवली होती.

त्याचे वडील रेल्वेत खलाशी. आई चांगुणाबाई हंगामात कांदा निवडायच्या कामावर जायची. वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक खोली होती, तिथं सावळीरामनं मुलांसाठी अभ्यासिका चालू केली होती. कॉलेजातली आमची जुनी पुस्तकं तो मागून न्यायचा. मागताना ओशाळायचा नाही. "तुम्हांला रद्दीत चार आणे येतील, तिकडे एक पोरगा पास होईल, बघा," एवढं म्हणायचा आणि पिशवी पुढं करायचा.

कॉलेज सुटलं. १९७४ साली लग्न होऊन मी नाशकातच, भरवस्तीत, हौदगल्लीत आले. सासऱ्यांचं बारदानाचं दुकान होतं. कांद्याच्या गोण्या, सुतळी, दोरखंड. मूळची मंडळी बागलाणातली, दोन पिढ्यांपूर्वी व्यापाराला नाशकात आलेली. सावळीरामला नगरपालिकेत नोकरी लागली असं कुठूनसं कळलं होतं, तेवढंच.

आमच्या घरामागं मोकळं परस होतं. तिथं टांगेवाल्यांचा जुना तबेला, भाजीवाल्यांच्या पत्र्याच्या शेड, चार लिंब, एक मोठा उंबर आणि सहा घरांची मिळून एक विहीर. जागा मूळची सरकारी. तिथं तीन मजली बाजार-संकुल उठणार, खाली तळघर, वर दुकानं, मोटारी लावायला जागा, असं १९७८ पासून कानावर येत होतं. सासूबाई म्हणायच्या, "बरंच होईल बाई. त्या घोड्यांच्या माशा तरी जातील."

योजनेवरचे मोठे साहेब कुठलंसं शिक्षण घेऊन आले होते. पाडापाडी करण्याआधी तिथलं काय काय जाणार आणि त्यानं आजूबाजूला काय होणार, ते मोजून लिहून ठेवायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. आज ह्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात. तेव्हा लोकांना ती गंमत वाटली. १९७९च्या जानेवारीपासून एक माणूस आमच्या भागात हिंडायला लागला. कापडी पिशवीत बाटल्या, खांद्यावर टेप, काखेत लांबलचक रजिस्टर. तो झाडांचे बुंधे मोजी. गच्च्यांवर व्हॅसलिन फासलेल्या काचपट्ट्या ठेवी आणि चार दिवसांनी त्यावर किती धूळ बसली ते बघे. मेनरोडच्या तोंडाशी स्टुलावर बसून हातगाड्या आणि टेम्पो मोजी. गटारात काठी घालून उतार बघे.

शेजारचे पुंजाभाऊ दुकानात येऊन सांगत, "भिमाजीशेठ, सरकारनं आता धूळ मोजायला माणूस ठेवलाय. उद्या आपल्या जांभया मोजायला ठेवतील."

"मग तुझ्याकडे दोन माणसं लागतील," सासरे म्हणत.

फेब्रुवारीत एका सकाळी तो माणूस आमच्या परसात आला आणि मी खिडकीतून ओरडलेच, "सावळीराम!"

त्यानं वर पाहिलं. चेहरा होता तसाच, फक्त चष्मा आला होता. "विधातेबाई? ह्या घरात?"

माझ्या माहेरच्या नावानं मला हाक मारणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. खाली धावले, त्याला ओटीवर बसवलं, चहा टाकला. सासरे दुकानातून उठून आले. मामंजी माणूस तसे अगत्याचे. दारी आलेल्याला चहाशिवाय त्यांनी कधी सोडलं नाही.

"गांगुर्डे म्हणजे बागलाणातले?" त्यांनी विचारलं.

"होय. नामपूरजवळ गाव."

"वा! आमच्या मावशीचे यजमान गांगुर्डेच. म्हणजे तुम्ही पाव्हणेच निघाले की."

सावळीराम नुसता हसला. बशीत चहा ओतत त्यानं कामाचं सांगायला सुरुवात केली. रजिस्टर उघडून रकाने दाखवले. झाडं, गटार, धूळ, आवाज, विहिरी. "हा नववा रकाना महत्त्वाचा आहे," तो म्हणाला. "विहीर वापरात आहे किंवा नाही. वापरणारी घरं सांगतील ते लिहायचं आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. वापरात असली तर इमारत वीस फूट मागं सरकवायची आणि विहीर ठेवायची, हे साहेबांनी लेखी मान्य केलंय. नसली तर ती बुजवणार."

"वापरात नाही तर काय!" मामंजी म्हणाले. "नळ तासभर येतो. बाकी सगळा दिवस विहिरीवरच. उन्हाळ्यात पाणी प्यायलाही तेच. सत्तरबहात्तरच्या दुष्काळात नाही आटली. चला, दाखवतो."

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या अंगात जुनं कॉलेज शिरलं होतं. सासूबाईंना माझ्या वर्गमित्राचं मोठेपण कळावं असं वाटत होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, सावळीराम आमच्या वर्गात सगळ्यात हुशार. आणि नुसता हुशार नाही हं. वस्तीतल्या बुद्धविहारात ह्यानं मुलांची अभ्यासिका काढलीय. आम्ही सगळे पुस्तकं द्यायचो."

सासूबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. मामंजी पायरीवर एक पाऊल टाकून उभे होते, ते तसेच वळले. कुणी काही वाईट बोललं नाही. बोललं असतं तर एखादे वेळी मीही बोलले असते. एवढंच झालं की बुद्धविहार हा शब्द ओटीवर पडला आणि पाव्हणे हा शब्द मागं घेतला गेला.

सावळीरामनं पिशवीतून दोर काढला. टोकाला शिशाचं वजन, त्याच्यावर बाटली बांधायची सोय. तो विहिरीकडे निघाला. आम्ही सगळे मागोमाग. कुसाबाई, पुंजाभाऊंच्या मिसेस, नुकताच हंडा भरून पायऱ्या चढत होत्या.

"थांबा," मामंजी म्हणाले. "उगाच कशाला त्रास घेता? विहीर तशी बंदच आहे."

सावळीराम थांबला. "बंद?"

"हो. म्हणजे नळ आल्यापासून कोण वापरतंय?"

"आत्ता आपण म्हणालात..."

"मी जुनं सांगत होतो. पूर्वीचं."

सावळीरामनं रहाटाकडे बोट केलं. "दोर ओला आहे."

"पावसानं भिजला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"फेब्रुवारीत?"

"दंव पडतं हो पहाटे," पुंजाभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले. त्यांना काय चाललंय ते एव्हाना कळलं होतं. कसं कळलं कोण जाणे. अशा गोष्टी गल्लीत सांगाव्या लागत नाहीत. "यंदा लय दंव. आमची गाय घसरली परवा."

"आणि ह्यांचा हंडा?"

कुसाबाईंनी डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरला. पाणी त्यांच्या कानावरून ओघळत होतं. "हे नळाचं," त्या म्हणाल्या. "विहिरीला दाखवून आणलं."

पुंजाभाऊंना हसू आवरेना. दुसरंही कुणी हसलं. सावळीरामलासुद्धा ओठाच्या कडेला हसू आलं, ते मी पाहिलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, दोन क्षण. मी चहाच्या कपबशा घेऊन उभी होते. त्याच पाण्याचा चहा होता तो. मला फक्त "वापरतो" एवढा एक शब्द बोलायचा होता. मी कपबशांकडे बघितलं.

त्यानं दोर गुंडाळला, बाटली काढून पिशवीत ठेवली, रजिस्टर कठड्यावर न टेकवता गुडघ्यावर घेतलं आणि लिहिलं: वापरात नाही. सहा घरांच्या सह्या झाल्या. कुसाबाईंनी अंगठा उमटवला, तोही ओला.

मी दारापर्यंत पोचवायला गेले. तोच म्हणाला, "चहा छान झाला होता, विधातेबाई. पाणी गोड आहे."

तो गेल्यावर मी मामंजींना म्हटलं, "अहो, आता ते विहीर बुजवतील."

"कोण बुजवतंय! आपल्या ओळखी आहेत. चार दिवसांनी सांगून नाव चढवून घेऊ. त्याच्या हातून मोजून घ्यायची कशाला?" ते म्हणाले, आणि दुकानात जाऊन गोण्या मोजायला बसले.

चार दिवसांचे चार महिने झाले. ओळखीतला एक गृहस्थ बदलून गेला, दुसऱ्याला वेळ नव्हता. जूनमध्ये मला पोस्टकार्ड आलं. पोस्टमन दुपारी येई आणि दार मीच उघडी, म्हणून ते माझ्याच हाती पडलं. बारीक, सरळ अक्षर.

"सौ. विधातेबाई यांस. यादी कचेरीबाहेर लावली आहे. हरकतीला एक महिना मुदत आहे. सहा घरांपैकी एकाही घरानं नवव्या रकान्यात बदल लेखी कळवला तर विहिरीची पुन्हा मोजणी होते. मोजणीला मीच यावं असं नाही. दुसरे गृहस्थ पाठवता येतात. आपला, सा. गांगुर्डे."

मी ते कार्ड फडताळात डब्यांखालच्या कागदाखाली सरकवलं. ह्यांना विचारलं, म्हणजे माझ्या यजमानांना. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "खरं आहे, अर्ज करायला पाहिजे. पण बाबांनी सही केलीय नाही म्हणून. त्याच्या विरुद्ध त्यांच्या सुनेची सही? गल्लीत काय तोंड दाखवतील ते?" मी म्हटलं, "मग तुम्ही करा." ते म्हणाले, "माझी तरी वेगळी आहे का?" अर्ज मी दोनदा लिहिला. चार ओळींचा तर होता. पहिला फाडला कारण अक्षर नीट नव्हतं. दुसऱ्याचं अक्षर चांगलं होतं. तो मी मुलीच्या वहीला कव्हर घालताना वापरला. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. महिना संपला त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

८१ साली विहीर बुजवली. तीन दिवस ट्रक येत होते. तबेल्याच्या विटा, शेडचे पत्रे, उंबराची मुळं, सगळं आत. दुसऱ्या दिवशी पाणी डबराबरोबर वर चढलं, कठड्यापर्यंत आलं. कामावरची माणसं ओंजळीनं पाणी पीत होती. मुकादम बहिरू कमरेवर हात ठेवून उभा होता. मला म्हणाला, "बाई, कागदावर तर बंद लिवलीय. लय पानी हाय हिला. असं गोड पानी कोन बुजवतं?"

मामंजी त्या तीन दिवसांत परसात आले नाहीत. ओटीवर उलटं तोंड करून पेपर वाचत बसले.

संकुल उभं राहिलं. काचेची दुकानं, रंगीत पाट्या. तळघरात मोटारी लागणार होत्या, पण पहिल्या वर्षापासून तिथं गुडघाभर पाणी. झरे कुठं जाणार? ऐन उन्हाळ्यातसुद्धा भिंतींतून झिरपे. पंप बसवला, तो दिवसभर चाले आणि ते पाणी, स्वच्छ, गोड पाणी, गटारात सोडलेलं. आमच्या जोत्याला ओल चढली, भिंतींचा पोपडा सुटला. दुकानदारांनी आरडाओरड केली तशी चौकशी लागली. अहवाल कुणाचा? सावळीराम गांगुर्डेचा. त्याची त्या खात्यातून उचलबांगडी झाली एवढं पुंजाभाऊंनी आणलेलं वृत्त. "धूळवाला गेला म्हणे," ते म्हणाले. ह्या वेळी मामंजी सुतळी गुंडाळत राहिले.

८६ आणि ८७ ही दोन्ही वर्षं पावसाची वाईट. नळ दिवसाआड, मग तीन दिवसांनी. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि आम्ही सहा घरच्या बायका संकुलाच्या भिंतीशी हंडे लावून बसायचो. भिंतीच्या पलीकडे पंपाचं पाणी गटारात पडत असे, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. कुसाबाईंचं डोकं आता हंडा पेलत नव्हतं. त्या बादली अर्धीच नेत.

८७च्या मे महिन्यात मामंजी गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. शेवटच्या आठवड्यात पाणी पाणी करत. टँकरचं पाणी तोंडात घातलं की मान फिरवायचे. सासूबाई म्हणायच्या, "चव गेली हो त्यांची." मला ते पटलं नाही.

मृत्यूच्या नोंदीला ह्यांना सवड झाली नाही, म्हणून मी गेले. जन्ममृत्यूच्या खिडकीत सावळीराम बसला होता. केस कानांवर पांढरे. खाली मान घालूनच त्यानं विचारलं, "मयताचं नाव?"

"भिमाजी राघो देवरे."

लेखणी थांबली. त्यानं वर पाहिलं. "विधातेबाई," तो म्हणाला, आणि मग, "वाईट झालं. चहा विचारणारा माणूस होता."

त्यानं पुढचं विचारलं. पत्ता, वय, तारीख. "मृत्यूचं कारण?"

"म्हातारपण."

"म्हातारपणाला रकाना नाही. डॉक्टरांचा दाखला द्या." दाखला वाचून त्यानं ते एकेक अक्षर करून उतरवलं. मागं माणसं उभी होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"पोस्टकार्ड मिळालं होतं मला," मी म्हटलं.

"मला वाटलंच. पोस्टखातं तसं चांगलं आहे."

"तुझी चौकशी झाली म्हणे, त्या नवव्या रकान्यावरून."

"शेवटच्या रकान्यात मी शेरा लिहिला होता. दोर ओला, रहाटाला ताजं वंगण, मोजू दिलं नाही. टाईप करताना शेऱ्यांचा रकाना गाळला. पानात मावत नव्हता." तो शिक्क्याला शाई लावत होता. "चौकशीत विचारलं, तुम्ही स्वतः का मोजली नाही? म्हटलं, मी दोर सोडला असता तर त्यांनी विहीर दोन दिवस उपसून काढली असती, मग माझं माप चुकलं असतं. साहेब खूप हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला."

"तू कुणाचंच नाव सांगितलं नाहीस?"

"सह्या होत्या की. नावं त्यातच होती."

माझं नाव त्यात नव्हतं. त्याला ते घ्यायचं असतं तर घेता आलं असतं. मी म्हटलं, "दुसरे गृहस्थ पाठवता येतात, असं लिहिलं होतंस."

"हो. तेवढ्या ओळीला मला दोन दिवस लागले." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग प्रयोगशाळेत विचारायचा तसं, मनापासून, माहिती हवी म्हणून विचारलं, "तुम्ही अर्ज केला असता तर घरात काय झालं असतं, बाई?"

मला खोटं बोलता आलं नाही. "बोलणी बसली असती."

"किती दिवस?"

मी विचार केला. मामंजींचा राग आठवला, सासूबाईंचा अबोला आठवला. "पंधरा दिवस. फार तर महिना."

"मग?"

"मग विसरले असते."

त्यानं मान हलवली. दाखल्यावर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि खिडकीतून कागद माझ्या हातात दिला.

"नाव तपासून घ्या," तो म्हणाला. "नंतर बदल करायचा तर फार त्रास होतो." आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत, "पुढचे कोण? या."